आयटीआयपासून डायग्नोस्टिक्स आणि डिझाइनपर्यंत: वाहनक्षेत्रात वर चढायचा रस्ता

इंजिनाचा आवाज ऐकून ‘टॅपेट वाजतायत’ असं सांगणारे मिस्त्री अजूनही आहेत आणि त्यांचा कान सहसा चुकत नाही. पण १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि शंभर-सव्वाशे सीसीच्या स्कूटरवरूनही कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये फिल्टर बसले. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला आणि गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर चालताना किती प्रदूषण करते, हेही मोजलं जाऊ लागलं. गिऱ्हाइकाची तक्रार मात्र जुनीच आहे: ‘पिकअप नाही’, ‘मिसिंग मारते’, ‘एव्हरेज पडलं’. कारण आता तारेत असतं, सेन्सरमध्ये असतं, कधी सॉफ्टवेअरमध्येही.

दहावी-बारावी होऊन या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी आणि गॅरेजमध्ये आधीच हात काळे करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एक ठाम मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कोर्स निवडताना तिथे किती महागडे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारी यंत्रं) आहेत ते पाहू नका. मुलांच्या हातात मल्टिमीटर किती वेळ असतो ते पाहा.

प्रवेश कुठे घ्यायचा

दहावीनंतरचा सरळ रस्ता आयटीआयचा. मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड सगळ्यात व्यापक आहे. पेट्रोल, डिझेल, ब्रेक, गिअर, वायरिंग असं सगळं त्यात येतं. मेकॅनिक डिझेल एका वर्षात संपतो, पण पुढे डायग्नोस्टिक्सकडे, म्हणजे बिघाडाच्या निदानाकडे जायचं असेल तर तो अपुरा पडतो. मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल हा नवा ट्रेड आहे. जवळच्या आयटीआयमध्ये तो असेल, तर उघडी बॅटरी, मोटर आणि कंट्रोलर प्रत्यक्ष शिकवायला आहेत का, हे डोळ्यांनी पाहूनच अर्ज करा. डिझाइनकडे कल असेल तर ड्राफ्ट्समन मेकॅनिकल. राज्यातले आयटीआय प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतात. दहावीचा निकाल लागला की तिकडे लक्ष ठेवायचं.

दुसरा रस्ता पॉलिटेक्निकचा, म्हणजे तंत्रशिक्षण मंडळाचा ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल डिप्लोमा. अनेकांच्या लक्षात येत नाही, पण दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि डिप्लोमानंतर पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआयला गेलं की शिक्षण थांबलं, असं अजिबात नाही. उलट आयटीआय करून डिप्लोमाला आलेल्या मुलाचा हात पहिल्यापासून बसलेला असतो. गणित कच्चं राहतं ते मात्र त्याने पहिल्या सहा महिन्यांत भरून काढायला हवं.

तिसरा प्रकार खासगी अल्पमुदतीच्या कोर्सचा, ‘तीन महिन्यांत कार स्कॅनिंग एक्स्पर्ट’ वगैरे. हे सगळेच फसवे नसतात, पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रमाणपत्र कोण देतं: व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद, तंत्रशिक्षण मंडळ, ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल की नुसती ती संस्था? एका गाडीवर किती मुलं काम करतात? आणि बिघाड मुद्दाम घालून तो शोधायला लावतात का? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर एखादा फॉल्ट दाखवायला सांगा. चांगला शिक्षक लगेच एखादा रिले काढून ठेवेल किंवा एखाद्या अर्थच्या बोल्टखाली कागदाचा तुकडा सारेल. ‘आमचा सिलॅबस बघा’ असं म्हणणाऱ्याकडे फी भरायची घाई करू नका.

इंग्रजीबद्दल एक वाक्य. सर्व्हिस मॅन्युअल आणि वायरिंग डायग्राम इंग्रजीतच असतात. बोलता आलं नाही तरी चालेल, वाचता आलंच पाहिजे. रोज मॅन्युअलचं एक पान वाचून कळलेलं मराठीत वहीत उतरवलं, तर वर्षभरात ही अडचण पुष्कळ कमी होते.

पहिलं वर्ष: बारा व्होल्ट नीट शिका

इथे बहुतेकजण घाई करतात. स्कॅनर हातात घ्यायची ओढ असते आणि ओहमचा नियम परीक्षेपुरता राहतो. प्रत्यक्षात चुकीचं निदान बहुधा बॅटरी, अर्थिंग आणि कनेक्टर या तीन ठिकाणी होतं.

आकडे तोंडपाठ हवेत. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ च्या खाली जाऊ नये.

आता एक नेहमीचं उदाहरण. सेल्फ मारला की ‘कट्’ असा एकच आवाज येतो, इंजिन फिरत नाही. बॅटरीवर १२.५ दिसतात. गॅरेजमध्ये सेल्फ उतरवायची तयारी सुरू होते. त्याआधी मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा. क्लॅम्पवर नाही, खुद्द खांबावर. दुसरं टोक इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२-०.३ व्होल्टपर्यंत दिसलं तर अर्थिंग ठीक. दीड-दोन व्होल्ट दिसले तर तेवढा दाब सेल्फपर्यंत पोचतच नाही, अर्थ केबलमध्ये किंवा तिच्या बोल्टच्या गंजात खर्ची पडतोय. मग पॉझिटिव्ह बाजूलाही हेच करा: बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या मोठ्या टर्मिनलपर्यंत. याला व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात आणि ती करताना काहीही उघडावं लागत नाही. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या दमट, खारट हवेत हा दोष जास्त भेटतो. बोल्ट काढून, सँडपेपर मारून, घट्ट बसवला की गाडी चालू.

लक्षात घ्या, ओहमवर ठेवून हीच केबल तपासली असती तर ती चांगलीच दिसली असती. दहा-वीस तारांच्या जुडग्यातली एकच तार शाबूत असली तरी मीटर ‘बीप’ करतो. तपासायचं ते भार असताना.

स्कॅनर कधी आणि कसा

स्कॅनर जोडतात त्या डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या कनेक्टरची पिन १६ म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह, ४ आणि ५ अर्थ, ६ आणि १४ या कॅन लाइनच्या (तिच्याबद्दल पुढे) दोन तारा. स्कॅनर चालूच होत नसेल तर आधी १६ आणि ४ मध्ये बारा व्होल्ट येतात का ते बघा. कित्येकदा सिगारेट लायटरचा फ्यूज उडालेला असतो आणि तोच फ्यूज या कनेक्टरलाही असतो.

कोड वाचायला फार तर दोन मिनिटं लागतात. त्यानंतरच्या कामाचाच पगार मिळतो. समजा पी०११८ आला: कूलंट तापमानाच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. कोडमध्ये ‘कूलंट सेन्सर’ हे शब्द दिसले की नवा सेन्सर मागवला जातो. पण कोडचं म्हणणं एवढंच आहे की ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, त्या तारेवर जवळजवळ पूर्ण पाच व्होल्ट दिसतायत. सेन्सर तुटला तरी असं होतं, कनेक्टर निसटला तरी होतं, उंदराने तार कुरतडली तरी होतं. लाइव्ह डेटा उघडा. तापमान उणे ४० अंश दिसेल आणि बहुतेक रेडिएटरचा पंखा सतत फिरत असेल, कारण ईसीयू धोका न पत्करता पंखा चालूच ठेवतो. आता सेन्सरचा कनेक्टर काढा आणि त्याच्या दोन पिनांमध्ये बारीक तार जोडा. तापमान उणे ४० वरून एकदम सव्वाशेच्या वर गेलं तर तारा आणि ईसीयू ठणठणीत, दोष सेन्सरमध्ये. उणे ४० वरच राहिलं तर सेन्सर बदलून काही होणार नाही, तारेचा माग काढा. ही युक्ती फक्त दोन तारांच्या तापमान सेन्सरसाठी आहे. तीन तारांच्या सेन्सरवर असं करायला जाल तर नुकसान कराल.

पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. इथे फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते वाचायला शिका. अल्पकाळाची आणि दीर्घकाळाची ट्रिम मिळून साधारण अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असावी. आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) ट्रिम अधिक वीस आणि अडीच हजार आरपीएमला ती खाली येत असेल तर इनटेकमध्ये कुठेतरी हवेची गळती. वेग वाढला की त्या गळतीचं प्रमाण नगण्य होतं. उलट वेग आणि भार वाढवल्यावर ट्रिम चढत असेल तर पेट्रोल पुरत नाही: पंप, फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर. पण आपल्याकडच्या कित्येक छोट्या गाड्यांमध्ये एअर फ्लो सेन्सर नसतोच, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्या गाडीत गळती झाली की दाब वाढतो, ईसीयू तेवढं पेट्रोलही वाढवतो, ट्रिम फारशी हलत नाही आणि आयडल मात्र चढतं. गाडीत कोणता सेन्सर आहे हे न पाहता इंटरनेटवरचा व्हिडिओ जसाच्या तसा उतरवला, तर मग सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे.

बीएस-६ डिझेलमध्ये ‘डीपीएफ चोक’, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर तुंबला, ही तक्रार आता रोजची. शहरात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांनी एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही आणि साठलेली काजळी जळत नाही, हे खरं. पण फिल्टर उतरवण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या नळ्या बघा. नळी फुटली असेल तर सेन्सर खोटं सांगतो.

कॅन लाइन

गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी दोन तारांवरून बोलतात. ही पद्धत बॉशने १९८६ मध्ये मांडली. लाइन शांत असताना दोन्ही तारांवर २.५ व्होल्ट असतात. संदेश जाताना एक ३.५ पर्यंत वर, दुसरी १.५ पर्यंत खाली जाते. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. म्हणून बॅटरी काढून पिन ६ आणि १४ मध्ये मोजलं तर ६० ओहमच्या जवळ यायला हवं. १२० आलं तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. नव्या गाड्यांत मध्ये गेटवे (वेगवेगळ्या लाइन जोडणारा कंट्रोलर) असतो, तिथे हा हिशेब डायग्राम पाहून करावा लागतो.

यापुढे ऑसिलोस्कोप शिकायचा. मीटर सरासरी दाखवतो, स्कोप प्रत्येक लाट दाखवतो. इग्निशन कॉइल, इंजेक्टर, क्रँक सेन्सर यांचे चांगल्या गाडीवरचे आलेख स्वतः साठवून ठेवा. बिघडलेला आलेख ओळखायला आधी शंभर चांगले पाहिलेले असावे लागतात. आयटीआयमध्ये स्कोप बहुधा कपाटात असतो. मास्तरांच्या मागे लागून तो बाहेर काढायला लावा.

इलेक्ट्रिक गाड्यांना हात लावण्याआधी

नारिंगी रंगाची केबल दिसली की आधी हात मागे. ६० व्होल्ट डीसीच्या वर जीवाला धोका धरला जातो आणि चारचाकी इलेक्ट्रिक गाड्या साधारणपणे तीनशे व्होल्ट किंवा त्याहून वर चालतात. क्रम असा: गाडी बंद, किल्ली लांब, १२ व्होल्टची बॅटरी सुटी, सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा) बाहेर आणि तो स्वतःच्या खिशात. मग मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, कारण कपॅसिटर रिकामे व्हायला मिनिटं लागतात. त्यानंतर हजार व्होल्टसाठी प्रमाणित हातमोजे घालून मीटरने शून्य आहे याची खात्री करायची. हातमोजे दर वेळी फुगवून हवा सुटते का बघायचं. सुईएवढं भोकही चालत नाही.

दुचाकीवाले म्हणतात, ‘आमची बॅटरी ४८ व्होल्टची, शॉक बसत नाही.’ शॉक बसत नसेलही, पण पान्हा दोन टर्मिनलवर पडला तर करंट इतका वाहतो की धातू वितळतो. अंगठी, कडं, घड्याळ काढूनच काम करा. जे केंद्र हे पहिल्या दिवशी शिकवत नाही, तिथे इलेक्ट्रिक गाड्यांचा कोर्स करू नका.

अप्रेंटिसशिप: नाव कुठे लावायचं

आयटीआयनंतर अप्रेंटिस कायदा, १९६१ नुसार उमेदवारी करता येते. नोंदणी सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर, डिप्लोमावाल्यांची वेगळ्या पोर्टलवर. चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, नाशिकचं सातपूर-अंबड या पट्ट्यांत वाहन कंपन्या आणि त्यांचे पुरवठादार दाटीवाटीने आहेत. पण कारखान्याच्या असेंब्ली लाइनवर एकच बोल्ट वर्षभर आवळून डायग्नोस्टिक्स येत नाही. त्यासाठी अधिकृत सर्व्हिस सेंटर बरं. तिथेही पहिले काही महिने ऑइल बदलण्यात आणि वॉशिंगमध्ये जातात. ते खपवून घ्या, पण जॉब कार्ड वाचायची सवय सोडू नका. गिऱ्हाइकाने काय सांगितलं, टेक्निशियनने काय मोजलं, कोणता पार्ट बदलला आणि गाडी पुन्हा आली का, एवढं वहीत टिपा. परत आलेल्या गाड्यांची पानं सगळ्यात कामाची ठरतात.

कंपन्यांची स्वतःची प्रशिक्षणं टप्प्याटप्प्याची असतात आणि वरच्या टप्प्याच्या टेक्निशियनकडेच अवघड गाड्या येतात. मॅनेजरने आपलं नाव ट्रेनिंगला पाठवावं म्हणून वर्षातून एकदा तरी लेखी विचारा. नुसतं चांगलं काम करून गप्प बसणाऱ्याचं नाव यादीत मागेच राहतं.

डिझाइन म्हणजे नुसती चित्रं नव्हेत

‘कार डिझायनर व्हायचंय’ असं म्हणणाऱ्या मुलाला मी विचारतो, नक्की कोणता? बाह्यरूप रेखाटणारा स्टायलिस्ट वेगळा, त्या रूपाला पत्र्यात आणि प्लास्टिकमध्ये उतरवणारा डिझाइन इंजिनियर वेगळा आणि तो पार्ट काढायची डाय (साचा) बनवणारा टूल डिझायनर आणखी वेगळा. पहिल्या प्रकारच्या जागा थोड्या, दुसऱ्या-तिसऱ्याच्या कितीतरी जास्त.

स्टायलिंगसाठी एनआयडीचा (राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा) गांधीनगर कॅम्पस, आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइन विद्यालय आणि पुण्यातलं एमआयटीचं डिझाइन विद्यालय ही ठिकाणं आहेत. आयडीसीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीड परीक्षा असते. महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० मागच्या डिझायनर रामकृपा अनंतन मेकॅनिकल इंजिनियरिंग करून मग आयडीसीत शिकल्या. आधी यंत्र समजून घेऊन मग रूपाकडे वळणं, हा रस्ता मला जास्त भक्कम वाटतो.

ड्राफ्ट्समन किंवा डिप्लोमावाल्याने दुसऱ्या-तिसऱ्या प्रकाराकडे जावं. टूलिंगसाठी छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा आहे. पार्ट डिझाइनसाठी कॅटिया किंवा एनएक्स या कॅड (संगणकावर पार्ट रेखाटायच्या) सॉफ्टवेअरपैकी एक नीट शिका, दोन्ही अर्धवट नकोत. सॉफ्टवेअरची बटणं महिन्याभरात येतात. मुलाखतीत विचारतात ते वेगळंच: प्लास्टिकच्या भिंतीला ड्राफ्ट अँगल (किंचित उतार) का देतात? मागच्या रिबची जाडी भिंतीच्या साधारण निम्म्यावर का ठेवतात? (जास्त ठेवली तर पुढच्या पृष्ठभागावर खळगा पडतो.) ड्रॉइंगवरची जीडी अँड टीची (आकार आणि मापांत किती फरक चालेल ते सांगणारी) चौकट वाचता येते का?

गॅरेजचा अनुभव इथे उपयोगी पडतो. हेडलाइटचा बल्ब बदलायला बंपर उतरवावा लागलेल्या माणसाला पार्ट कुठे बसवू नये हे कळतं. आणि डायग्नोस्टिक्स व डिझाइन जिथे थेट मिळतात असंही एक काम पुण्यात आहे. कोणत्या व्होल्टेजला किती सेकंदांनी कोणता कोड यावा, टेक्निशियनला स्कॅनरवर पुढची पायरी कोणती दिसावी, हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. ते ठरवणारे डायग्नोस्टिक्स इंजिनियर वाहन कंपन्यांत आणि केपीआयटीसारख्या सॉफ्टवेअर कंपन्यांत असतात. त्यासाठी बहुधा पदवी आणि एम्बेडेड सॉफ्टवेअरचं (कंट्रोलरच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं) ज्ञान लागतं. पण आयटीआय, डिप्लोमा, पदवी अशा पायऱ्या चढून आलेल्याने खरी बिघडलेली गाडी पाहिलेली असते आणि मुलाखतीत ते दिसून येतं.

मुलाखतीला काय न्यायचं

प्रमाणपत्रांच्या फाइलबरोबर पाच-सहा केसेस न्या. प्रत्येकीचं एकच पान: तक्रार, आलेला कोड, घेतलेली मापं आकड्यांसह, सापडलेलं कारण, दुरुस्तीनंतरची मापं. गिऱ्हाइकाचं नाव आणि गाडीचा नंबर झाका. डिझाइनच्या जागेसाठी जाणार असाल तर मोडलेला एखादा पार्ट, समजा दरवाज्याचं हँडल, मोजून कॅडमध्ये उतरवा आणि तो कुठे मोडला, तिथे जाडी किंवा गोलाई काय बदलली असती हे शेजारी लिहा. स्वतःचा मल्टिमीटर मात्र बॅगेत असू द्या. चांगला वर्कशॉप मॅनेजर तोंडी प्रश्न दोनच विचारतो आणि मग बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे बोट दाखवतो.